कोंडिविट्याचे ओस पडलेले चर्च

शास्त्रभाग : यिर्मया ७:१-१५, १ शमुवेल ४, लूक १३:१-५

वाचकांनी प्रथम वरील शास्त्रभाग वाचावा आणि मगच पुढील मजकुराकडे वळावे.

यिर्मया संदेष्टा यरुशलेमेतील मंदिराच्या दारात उभा आहे. उपासनेसाठी आत शिरणाऱ्या लोकांना तो सांगतो की, शिलोला जाऊन या आणि देवाच्या त्या पहिल्या स्थानाची काय दशा झाली आहे ती डोळ्यांनी पाहा. शिलो म्हणजे जेथे निवासमंडप होता, जेथे हन्नाने अश्रू ढाळून प्रार्थना केली आणि जेथे बाळ शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली ते गाव. यिर्मयाच्या काळी ते उजाड होऊन चार शतकांहून अधिक काळ लोटला होता. कराराचा कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला, एली पडून मेला, एवढे शमुवेलाचे पुस्तक सांगते. पण खुद्द शिलो गावाचे पुढे काय झाले याविषयी ते गप्प राहते. एकविसाव्या आणि बाविसाव्या अध्यायांत याजक नोब येथे राहताना दिसतात, त्यावरून काय ते समजायचे. १९८१ ते १९८४ या वर्षांत त्या टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा इ. स. पूर्व अकराव्या शतकात आगीने नष्ट झालेल्या इमारती तेथे सापडल्या.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. यिर्मया हा अनाथोथ येथील याजकांपैकी होता. एलीच्या वंशातील अब्याथार याजकाला शलमोनाने याच अनाथोथास पाठवून दिले होते (१ राजे २:२६-२७). तेव्हा शिलोची हकीकत यिर्मयाच्या गावात घरोघरी ठाऊक असली पाहिजे. परक्यांच्या पडक्या भिंतींकडे बोट दाखवणे सोपे असते. यिर्मया बहुधा आपल्याच वाडवडिलांच्या ओस पडलेल्या स्थानाकडे बोट दाखवीत होता. आणि एवढ्यावरूनच लोक त्याचा जीव घ्यायला उठले, हे सव्विसाव्या अध्यायात वाचावे.

सांगायचे इतकेच की, पडके उपासनास्थान पाहायला जाणे हा पवित्र शास्त्राने घालून दिलेला अभ्यास आहे. असे एक स्थान आपल्या चलथाणहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. चलथाणहून उधना किंवा सुरत गाठावी आणि मुंबईच्या गाडीत बसावे. वाटेत वसई रोड लागते. तिच्याविषयीही पुढे लिहिणार आहे. पुढे अंधेरीला उतरून पूर्वेकडे गेले की जेथे पूर्वी कोंडिविटे हे गाव होते तेथे आता 'सीप्झ' नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे व दागिन्यांचे कारखाने, फाटकावर पहारा, परवाना असल्याशिवाय आत प्रवेश नाही. या वसाहतीच्या आत, झाडीमध्ये, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचे एक बिनछपराचे चर्च उभे आहे.

ते १५७९ साली पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी बांधले. अशा इमारतींना लोक सरसकट मध्ययुगीन म्हणतात. युरोपाच्या हिशेबाने ते बरोबर नाही, कारण तोपर्यंत मार्टिन लूथरला मरून तेहतीस वर्षे झाली होती. पण दगड, चुना, कमान आणि लाकूड यांवर उभे राहणारे खेडेगावचे चर्च बांधण्याची पद्धत मात्र शतकानुशतके चालत आलेली जुनीच होती. १५७९ हे साल मराठी ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या एका कारणासाठीही लक्षात ठेवावे. त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. त्याने पुढे आपल्या भाषेत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली प्रथम छापले गेले.

हे चर्च रोमन कॅथॉलिकांचे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध भाषेचा आहे, मातीचा आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे आपल्या आजच्या अडचणीचाही आहे. साष्टी बेटावरील, म्हणजे ठाणे, वांद्रे, अंधेरी या भागांतील, ते जुने ख्रिस्ती लोक शेती आणि मासेमारी करणारे होते व घरात मराठीच बोलत. १८८७ पासून ते स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवू लागले. त्यांच्या घरांतून ती बोली अजूनही ऐकू येते.

आता इमारतीकडे वळू. एकट्या कोंडिविट्याच्या अवशेषांवरून सगळे उमगत नाही. म्हणून येताना वसईचा किल्ला पाहावा असे मी सुचवतो. तेथे त्याच काळातील अनेक चर्चे एकमेकांजवळ आहेत आणि एकात जे नष्ट झाले ते दुसऱ्यात उरले आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे ठाणे होती. तेथील संत योसेफाचे चर्च १५४६ चे. १६०१ मध्ये ते नव्याने वाढवले, तसा लेख दारावरच कोरलेला आहे. जेझुइटांचे, फ्रान्सिस्कनांचे, डॉमिनिकनांचे अशी निरनिराळी चर्चे किल्ल्यात आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधील फरशीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत; त्यांवरील अक्षरे पायांनी झिजत चालली आहेत.

या सर्व चर्चांची ठेवण साधारण एकच. पुढे उंच दर्शनी भिंत, तिच्यात मोठे दार, वर खिडक्या, बाजूला घंटेचा बुरूज. दारातून आत गेले की लांबट सभागृह, जेथे मंडळी बसे. त्याच्या टोकाला मोठी कमान आणि कमानीपलीकडे एक-दोन पायऱ्या चढून वेदीचा भाग. मराठी वाचकाला हे समजायला कठीण नाही: आपल्याकडील देवळातही सभामंडप आणि गाभारा असे दोन भाग असतातच. भिंती दगडाच्या आणि चांगल्या जाड. उत्तर कोकणात काळा दगड मिळतो, तो ओबडधोबडच वापरत आणि वरून चुन्याचा गिलावा करीत. चुना समुद्रातील शिंपले भाजूनही तयार होई. कोपरे, दाराच्या चौकटी, कमानी यांना मात्र घडीव दगड लागे. खिडक्यांना काच दुर्मीळ. तिच्या जागी एका जातीच्या शिंपल्यांचे पातळ, दुधी तुकडे लाकडी चौकटीत बसवीत, त्यांतून मंद उजेड येई.

छपराची गोष्ट जरा सावकाश पाहू, कारण सारा इतिहास छपरात आहे. वेदीवर दगडी घुमटी, म्हणजे अर्ध्या पिंपासारखी वळलेली कमानदार छत घालीत. सभागृहावर लाकडी तुळया, वासे आणि कौले. याचे कारण साधे आहे. दगडी छताचे वजन भिंतींना बाहेर रेटते. ते सोसायला भिंती आणखी जाड हव्यात, कुशल गवंडी हवेत, पैसा हवा. म्हणून लहान जागेवर दगडी छत आणि मोठ्या जागेवर कौले. परिणाम वसईत पाहायला मिळतो. वेदीवरची दगडी छते काही ठिकाणी अजून उभी आहेत, आणि लोक बसत तेथे वर उघडे आकाश आहे. बांधणाऱ्याने कायमचे काय मानले आणि बदलते काय मानले हे त्यावरून दिसते. आपल्या सुधारलेल्या मंडळ्यांनी सभागृहाला आणि व्यासपीठाला मोठेपण दिले. तरी जेझुइटांनाही उपदेशाची चांगली जाण होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रोममध्ये १५६८ साली त्यांनी आपले मुख्य चर्च बांधायला घेतले ते एकसंध मोकळ्या सभागृहाचे. उपदेशक सर्वांना दिसावा व त्याचे बोलणे सर्वांना ऐकू जावे हा त्यातला एक हेतू होता. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चातही (१५९४ ते १६०५) मधल्या खांबांच्या रांगा नाहीत.

कौलारू इमारत कशी पडते हे ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना निराळे सांगायला नको. एक कौल सरकते. त्या फटीतून पावसाचे पाणी वाशावर पडते. वासा कुजतो, मग तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजते, कारण तेथे वारा लागत नाही. तुळई खाली आली की भिंतीचा माथा उघडा पडतो. त्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. पिंपळाचे मूळ चुन्यात शिरते आणि घडीव दगडसुद्धा एकमेकांपासून फाकवते. एका कौलापासून पिंपळापर्यंतचा हा प्रवास फार वर्षांचा नसतो. कोकणातला पाऊस पाहता तर नसतोच.

पण कौल सरकले तर ते बसवणारा माणूस का नव्हता, हा खरा प्रश्न आहे. येथे वसई आणि कोंडिविटे यांच्या वाटा निराळ्या होतात.

मराठ्यांनी १७३७ साली साष्टी घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाने वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज मानाने बाहेर पडले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक देण्यात आली. पण ज्यांच्यासाठी किल्ल्यातील ती भव्य चर्चे होती ते लोकच निघून गेल्यावर ती कोण सांभाळणार? घंटा खाली उतरल्या आणि विजयाची खूण म्हणून देशभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा १७२१ ची आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील १७०७ ची. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. नाशिककडील वाचकांनी ती मोठी घंटा कित्येकदा पाहिली असेल. यावर रागाने लिहिण्याचे मला कारण दिसत नाही. पोर्तुगीज राज्यात देवळांचे काय झाले हेही ज्याला ठाऊक आहे तो या विषयावर आवाज चढवणार नाही.

कोंडिविट्याचे तसे झाले नाही. मराठी अमल आला, १७७४ मध्ये इंग्रज आले, तरी गावची मंडळी गावातच होती आणि चर्चही चालू होते. राज्ये बदलल्याने खेडेगावचे चर्च बंद पडत नाही, हे येथे दिसते. ते बंद पडले १८४० साली आणि साथीच्या रोगाने. गावात माणसे मरू लागली तेव्हा मंडळीने जागा सोडली आणि जवळच मरोळ येथे नवे चर्च उभारले. नवे चर्च शुभवर्तमानकार योहानाच्या नावाचे आहे. म्हणजे एका योहानाकडून दुसऱ्या योहानाकडे. दोन्ही योहानांत मुलांचा नेहमी घोटाळा होतो; संडे स्कूलच्या शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

जाताना त्यांनी काय नेले पाहा. वेद्या नेल्या, खांब नेले आणि बाप्तिस्म्याचे दगडी कुंड नेले. साथीच्या भीतीने गाव सोडणारी माणसे भांडीकुंडी आणि गुरे घेऊन जातील, हे समजते. पण ज्यात आपला, आपल्या बापाचा आणि आज्याचा बाप्तिस्मा झाला ते जड कुंड त्यांनी वाहून नेले, आणि मरोळात त्यांच्या नातवंडांना तेच कुंड मिळाले. इंग्रजीत माणसांना आणि इमारतीला एकच शब्द चालतो, त्यामुळे त्या भाषेत बोलणाऱ्याला 'चर्च ओस पडले' असे म्हणावे लागते. आपल्या मराठीत मंडळी निराळी आणि मंदिर निराळे. १८४० साली कोंडिविट्याचे मंदिर ओस पडले. मंडळी उठून मरोळला जाऊन बसली. शिलो आणि कोंडिविटे यांत हाच भेद आहे, आणि शिक्षकांनी तो वर्गात नीट उलगडून सांगावा. शिलोत देवाचा न्याय झाला असे शास्त्र सांगते. कोंडिविट्यात न्याय झाला असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण, त्या जागेविषयी भुताखेतांच्या गोष्टी फार पसरल्या आहेत. ओस जागा दिसली की माणसे एक तर भूत पाहतात नाही तर शाप पाहतात. प्रभू येशूपुढेही असाच प्रश्न आला होता. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती काय इतरांपेक्षा अधिक पापी होती? (हे शिलोह म्हणजे यरुशलेमेतील तळ्याजवळची जागा, एलीच्या शिलोशी तिचा संबंध नाही.) प्रभूने त्या तर्काला थारा दिला नाही. तेव्हा मुले भुताविषयी विचारणारच, त्यांना लूक तेरावा अध्याय उघडून द्यावा आणि साथीचे रोग घाणेरड्या पाण्याने, डासांनी व उंदरांनी कसे पसरतात हेही सांगावे.

रोग हेच एक कारण असते असेही नाही. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे उजाड खेडे आहे. तेथे आज फक्त चर्चच्या भिंती आणि अर्धा पडलेला बुरूज उरला आहे. असे खेडे दिसले की चौदाव्या शतकातील प्लेगाने ते बसले, अशी समजूत होते. परंतु १९५० पासून चाळीस वर्षे तेथे खणून अभ्यास झाला, तेव्हा प्लेगानंतरही गाव नांदत होते असे आढळले. सुमारे १५०० च्या आसपास जमीनदारांनी शेवटची कुटुंबे हलवली, कारण शेतीपेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत पैसा अधिक होता. त्या देशात अशी वापरात नसलेली जुनी चर्चे सांभाळण्यासाठी १९६९ पासून एक खास संस्था आहे आणि साडेतीनशेहून अधिक इमारती तिच्याकडे आहेत. पैसा असलेल्या देशाचे काम आहे. आपण त्याचा हेवा करण्यात अर्थ नाही.

साथ आणि मेंढ्या यांच्यानंतर तिसरे कारण आपल्याच घरात आहे. चलथाण, पलसाणा, कडोदरा, उधना या बाजूंना राहणारी आपली मराठी कुटुंबे बहुतेक खानदेशातून आली. कोणी साखर कारखान्यात आला, कोणी कापडाच्या गिरणीत. नंदुरबार, नवापूर, धुळे या भागांत आपल्या आजोबांनी उभारलेली लहान लहान प्रार्थनामंदिरे आहेत. दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर कौले किंवा पत्रे. दर रविवारी तेथे कधी शंभर माणसे बसत, आता एखादे म्हातारे जोडपे आणि चार मुले असतात. साथ आलेली नाही, शत्रू आलेला नाही. आपण आलो आहोत, येथे, पगारासाठी. यात पाप नाही. पण तेथे कौल सरकले तर बसवायला कोणी नाही.

म्हणून कोंडिविट्याच्या पुढच्या इतिहासाकडे व्यवहारी नजरेने पाहावे. मंडळी गेल्यावरही भिंती उभ्या राहिल्या. सव्वाशे वर्षांनंतर मुंबई वाढत वाढत तेथवर आली, १९७३ मध्ये ती जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली आणि चर्च कुंपणाच्या आत अडकले. आज ज्यांच्या पूर्वजांनी ते बांधले त्यांनाही आत जाण्यास परवानगी काढावी लागते. अलीकडच्या काळात मे महिन्यात वर्षातून एकदा तेथे मिस्सा करण्याची प्रथा पडली आहे. त्या दिवशी माणसे उघड्या आकाशाखाली, झाडांच्या मुळांमध्ये उभी राहतात.

आपल्या गावच्या मंदिरांबाबत पहिले काम कागदाचे आहे. जागा कोणाच्या नावावर आहे, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर किंवा गावठाणाच्या नोंदीत काय लिहिले आहे, हे एखाद्या जाणत्या पंचाने पाहून घ्यावे. बांधणारे पाळक केव्हाच प्रभूकडे गेले, मिशनचे दप्तर भलतीकडे गेले आणि जागेवर तिसऱ्याचेच नाव चढले असे घडू शकते. दुसरे काम रजिस्टरांचे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या जुन्या वह्यांना वाळवी लागते. मरोळच्या लोकांनी जसे कुंड नेले तशा या वह्या येथे आणाव्यात, निदान त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. आमच्या तरुण संघातील मुलांकडे फोन आहेत. एका दुपारी पूर्ण रजिस्टराची छायाचित्रे निघतात.

मंदिर ठेवायचे की नाही, हा निर्णय मात्र त्या त्या मंडळीने प्रार्थनेने घ्यावा. जेथे एकही घर उरलेले नाही तेथे इमारत शाळेला किंवा बालवाडीला द्यावी, हे माझे मत. नुसते कुलूप लावून ठेवणे सर्वांत वाईट, कारण कुलूप दाराला असते, छपराला नसते. जेथे दोन घरे आहेत तेथे मंदिर उभे ठेवावे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, आणि मग भिंत आतून पोकळ होऊन गिलाव्यासकट पोपडे पडतात. पिंपळाचे रोप बोटभर असताना उपटावे. मनगटाएवढे झाल्यावर ओढले तर दगड घेऊनच बाहेर येते, तेव्हा ते कापून मुळावर औषध घालावे. पन्हाळ साफ ठेवावी.

संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसाठी एक पाठ असाही घेता येईल. दोरी, टेप आणि चौकटीची वही घेऊन त्यांनी गावच्या मंदिराचा नकाशा काढावा: लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, दारे, खिडक्या, व्यासपीठाची जागा. कोनशिला असेल तर तिच्यावरील अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत. ती बांधताना दगड कोणी वाहिला, लाकूड कोणत्या रानातून आले, हे गावातील वृद्ध आजीला विचारून लिहावे. मे महिन्यात लग्नकार्यासाठी आपण सारे गावी जातोच. शाकारणीचेही तेच दिवस असतात. चार जणांनी एक दिवस आधी जावे, शिडी लावावी, आणि पहिला पाऊस येण्यापूर्वी कौले चाळून घ्यावीत.